बर्नीचं मुंडकं

टॅमसिन व्होलोशिनचं गाव सस्कॅचवन प्रांताच्या गव्हाच्या मुलखातलं. धान्याच्या कोठाराहून उंच असं तिथे काही नाही. घरातून पळालेला कुत्रा तिथे तीन दिवस पळताना दिसतो, अशी शेजारची गावं चेष्टा करतात. ती गावंही तितकीच सपाट आहेत, पण ते सोडा. अशा गावातल्या पोरीला पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्याची नोकरी लागली, तेव्हा चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, लाटायला जमणाऱ्या बायकांनी तिला दोन डबे भरून बांधून दिले आणि "अस्वलाला आमचा नमस्कार सांग गं" असं बजावून निरोप दिला.

विद्यापीठात ती पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. नोकरीचं नाव होतं 'अभ्यागत-अनुभव सहायक'. गळ्यात दुर्बीण, पायात जाड बूट, पहाटेच्या धुक्यात लांडग्यांच्या पाऊलखुणा, असं काय काय तिने मनात रंगवून ठेवलं होतं. मुलाखत फोनवर झाली. पलीकडच्या बाईने निसर्गाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच विचारलं, "तुझी उंची किती?"

"पाच फूट एक इंच," टॅमसिन जरा लाजत म्हणाली.

"अगदी छान!" बाई इतक्या आनंदाने म्हणाली की टॅमसिनला जन्मात पहिल्यांदा आपल्या उंचीचा अभिमान वाटला.

त्या आनंदाचं कारण मे महिन्याच्या शेवटी कळलं. ग्रेलिंग लेक राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात ग्लेनिस फारकर नावाच्या त्या बाईने पहिल्याच दिवशी एक कपाट उघडलं. आत एक अस्वल खुंटीला लटकलेलं होतं. मुंडकं वरच्या फळीवर, धड खाली. मुंडकं हसत होतं.

"हा बर्नी," ग्लेनिस म्हणाली. "फ्रेंचमध्ये बर्नार. आपल्या उद्यानाचा चेहरा."

"अरे वा. आणि मी काय करायचं?"

"तू म्हणजेच बर्नी, टॅम!"

ग्लेनिस ही अभ्यागत-अनुभव विभागाची प्रमुख. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आणि बर्नीच्या चेहऱ्यावरचं हसू एकाच कारखान्यात बनलं असावं असं टॅमसिनला वाटून गेलं. ग्लेनिसने नियम सांगितले. बर्नी बोलत नाही, कारण तो इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही राजभाषांचा आहे आणि कुठल्याही एकीत बोलला तर दुसरीवर अन्याय होतो. बर्नी खाली बसत नाही, कारण मागच्या वर्षी बसला तेव्हा उसवला. आणि बर्नीचं डोकं लोकांसमोर कधीही, कुठल्याही कारणाने निघत नाही.

"आग लागली तर?" टॅमसिनने विचारलं.

"तर बर्नी शांतपणे, हात हलवत, मागच्या दाराने जातो."

बर्नीच्या आत सात उन्हाळ्यांतल्या सात विद्यार्थ्यांचा घाम मुरलेला होता. दिसायचं ते फक्त तोंडातल्या जाळीतून, तेही समोरच्याचं पोट तेवढं. कान असून धड ऐकू येत नव्हतं आणि पंजे असून नाक खाजवता येत नव्हतं. उकाडा असा, की पहिल्या आठवड्यात टॅमसिनच्या अंगावरचं पिरोगीने चढवलेलं सगळं मांस उतरलं. अंगात घालायला बर्फाचं जाकीट मिळेल का असं तिने विचारलं, तेव्हा ग्लेनिसने हवामानबदलावर एक छोटंसं भाषण दिलं आणि जाकीट पुढच्या वर्षावर ढकललं.

आंधळ्या-बहिऱ्या बर्नीला हाताला धरून न्यायला एक माणूस दिला होता. एतिएन गॅन्यों, क्वेबेकमधल्या शिकुटिमीचा, ताडमाड उंच पोरगा. इंग्रजी सुधारावं म्हणून तो इथे आला होता. बर्नीचं तोंड म्हणजे एतिएन. लोकांशी दोन्ही भाषांत बोलायचं, मुलांना रांगेत लावायचं, आणि बर्नीच्या पोटात कोणी गुद्दा मारला तर हसत हसत त्याचा हात धरायचा, हे त्याचं काम.

"आज किती गुद्दे?" संध्याकाळी डोकं उतरवताना तो विचारायचा.

"मोजणं सोडलंय. एका आजोबांनी मात्र कानात सांगितलं, की मी त्यांच्या पहिल्या बायकोसारखी दिसते."

"इंग्रजीत की फ्रेंचमध्ये?"

"इंग्रजीत."

"मग बरोबर. आमच्याकडे दुसऱ्या बायकोसारखी म्हणतात."

घरी फोन केला की वडील उत्सुकतेने विचारायचे, "काय गं, अस्वल दिसलं का?"

"रोज एक दिसतं, पप्पा. आतून."

पप्पांना विनोद कळायचा नाही. ते गुरं राखणारे, साधे गृहस्थ. "जपून राहा," एवढंच ते म्हणायचे.

खरं अस्वल दिसलं ते जूनमधल्या एका सुट्टीच्या दिवशी. एतिएनच्या खटारा गाडीतून दोघं तळ्याकडे निघाले होते. वळणावर शंभरेक गाड्या आडव्या-तिडव्या उभ्या होत्या. कोणी दार उघडं टाकून पळालं होतं, कोणी टपावर चढलं होतं. रस्त्याच्या कडेला हिरव्यागार गवतात एक काळी अस्वलीण खाली मान घालून चरत होती, गाय चरावी तशी. कानाला पिवळा बिल्ला, ११४ नंबरचा. शेजारी पिल्लू. आणि तिच्यापासून चार हातांवर माणसांचा कोट. एका बाईने तिच्यासमोर सफरचंद धरलं होतं. एक बाप आपल्या मुलाला सांगत होता, "जा रे, जरा जवळ जा, ती काही करत नाही. केलं असतं तर सरकारने सोडली असती का?"

टॅमसिन गाडीत बसून बघत राहिली. हीच माणसं काल बर्नीसमोर शहाण्यासारखी रांगेत उभी होती. पायाखाली पिवळी रेघ मारली होती, तिच्यापलीकडे एकानेही बोट टाकलं नव्हतं. "बर्नीला हात लावला तर चालेल का?" असं त्यांनी एतिएनला अदबीने विचारलं होतं. कापसाच्या अस्वलाला मान आणि हाडामांसाच्या अस्वलाला सफरचंद.

वनरक्षकांची गाडी आली. आतून लॉर्ना कार्डिनल उतरली. पन्नाशीची, क्री या इथल्या मूळनिवासी लोकांतली, माणूस आणि जनावर यांच्यातली भांडणं सोडवण्याच्या खात्यातली. कर्णा तोंडाला लावून ती सपाट आवाजात म्हणाली, "गाडीत बसा. सगळ्यांनी गाडीत बसा. ती तुमची मावशी नाही."

गर्दी कुरकुरत पांगली तेव्हा टॅमसिनने तिला विचारलं, "ही रोज याच जागी का येते?"

"जेवण चांगलं आहे म्हणून," लॉर्ना म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला. कडा उघड्या पडल्या, फोटोत वाईट दिसायला लागल्या. मग वरून हुकूम आला, हिरवं काहीतरी पेरा. पेरलं काय, तर क्लोव्हर. अस्वलाला याहून गोड गवत ठाऊक नाही. खाणावळ आपणच उघडली, आणि आता गिऱ्हाईक आलं म्हणून बोंब मारतोय."

"मग ते कापत का नाहीत?"

"सुंदर दिसतं ना." लॉर्नाने कर्णा बंद केला. "तू कुठल्या खात्यात?"

टॅमसिनला सांगायची लाज वाटली. एतिएननेच सांगून टाकलं, "ही पण अस्वलच आहे. तुमच्यापेक्षा जास्त लोक हिला भेटतात."

लॉर्ना हसली नाही. टॅमसिनकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "सोपं आहे तुझं. तुला कोणी गोळी घालणार नाही."

पहिली जुलै उजाडली. देशाचा वाढदिवस. तळ्याकाठच्या हिरवळीवर मंच, मंचावर पितळी वाद्यांचा ताफा, टेबलावर झेंड्याच्या रंगाचा लांबलचक केक, आणि सॉसेज भाजण्याचा धूर पार डोंगरापर्यंत. ग्लेनिसने गालांवर झेंड्यावरची मेपलची पानं रंगवून घेतली होती. बर्नीच्या डोक्यावर लाल टोपी शिवली होती, म्हणजे उकाड्यात आणखी एक थर. दुपारी केक कापायचा, बर्नीने मुलांबरोबर नाचायचं, असा बेत.

सॉसेजचा वास डोंगरापर्यंत जातो म्हटल्यावर डोंगरातून कोणीतरी उतरणारच. पण हे ग्लेनिसच्या आराखड्यात कुठे आलेलं नव्हतं.

बर्नी दुसऱ्या गाण्यावर डुलत होता, तेव्हा एकाएकी मुलांचे हात सुटले. जाळीतून टॅमसिनला समोर पोटं दिसत होती, ती पोटं वळली आणि तिथे पाठी दिसायला लागल्या. मग पाठीही गेल्या. नुसती हिरवळ उरली, आणि तिच्यावर पडलेली एक सॅंडल.

"काय झालं रे?" नियम मोडून ती आतून कुजबुजली.

"तुझी मूळ प्रत आलीय," एतिएन म्हणाला, पण त्याचा आवाज थट्टेचा नव्हता.

एकशे चौदा नंबर तळ्याकाठच्या झुडपांतून बाहेर आली होती. पिल्लू आईला सोडून पुढे धावलं, माणसांचा लोंढा पाहून बिचकलं आणि हिरवळीवरच्या एकुलत्या एका पाईनच्या झाडावर सरसर चढून बसलं. आता एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला झाड, आणि मधे, आई आणि पिल्लाच्या बरोबर मधे, दोन-अडीचशे माणसं फोन वर धरून उभी. ग्लेनिस मंचावरून भोंग्यात सांगत होती, "मित्रांनो, कृपया सुरक्षित अंतरावरून या अनुभवाचा आनंद घ्या!" सुरक्षित अंतर म्हणजे किती, ते जो तो आपापल्या फोनच्या काचेवर ठरवत होता.

एतिएनने लॉर्नाला फोन लावला. ती तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

तेवढ्यात एका धिप्पाड माणसाने बर्नीचा पंजा पकडला. त्याच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी बसली होती, हातात छोटा झेंडा घेऊन. "बर्नी! अरे बर्नी, चल ना इकडे. माझ्या पोरीला दोन्ही अस्वलं एका फोटोत हवीयत." आणि त्याने बर्नीला ओढायला सुरुवात केली. एतिएन फोनवर बोलत होता, त्याला हे दिसेपर्यंत बर्नी गर्दी फाडून पलीकडे पोचलासुद्धा. लोकांनी कौतुकाने वाट करून दिली. कोणी म्हणालं, "बघा, बर्नी मित्राला भेटायला चालला!" टाळ्या पडल्या.

जाळीतून आता पोटं दिसत नव्हती. एक काळं, ओलं नाक दिसत होतं, आणि त्यामागे ती.

टॅमसिनने हिला चरताना पाहिलं होतं. ही चरत नव्हती. तिचे ओठ पुढे आले होते, दात एकमेकांवर वाजत होते, कट कट कट, आणि भात्यासारखा श्वास फुसफुसत होता. एकदा तिने पुढच्या पंजाने जमिनीवर असा तडाखा दिला की माती उडाली.

"वा! परत कर, परत कर!" तो धिप्पाड माणूस ओरडला. खांद्यावरची मुलगी झेंडा हलवत होती. "बर्नी, जरा तिच्याजवळ सरक. अजून थोडा. मान वाकडी कर."

टॅमसिनने पंजे हलवले, मागे व्हा अशी खूण केली. लोकांना वाटलं, नाचतोय. तिने दोन्ही हात आडवे पसरले. लोकांना वाटलं, मिठी मारतोय. मुंडक्याच्या आत ती ओरडली, पण कापसातून तो आवाज बाहेर गेला तो कोणीतरी उशीखाली शिंकल्यासारखा. घाम डोळ्यांत उतरला. समोर दात वाजतच होते.

मग तिने ते केलं. दोन्ही पंज्यांनी बर्नीचं मुंडकं धरलं, उपटलं आणि जमिनीवर टाकलं.

टॅमसिनच्या घराण्यात आवाज वारशाने येतो. तिच्या पप्पांनी दारात उभं राहून हाक मारली की दोन शेतांपलीकडची गुरं माना वर करतात. तोच आवाज तिच्या गळ्यातून निघाला. "मागे व्हा! मागे हटा म्हणते ना, गाढवांनो! झाडापासून लांब! तिचं पोर आहे वर!" याशिवाय आणखीही काही शब्द निघाले, जे गुरांसमोर चालतात पण देशाच्या वाढदिवसाला चालत नाहीत.

माणसं तिच्या शब्दांनी हलली असती की नाही कुणास ठाऊक. हलली ती मुलांमुळे. बर्नीचं मुंडकं हिरवळीवरून गडगडत, हसत हसत एका लहानग्याच्या पायाशी जाऊन थांबलं होतं, आणि धडावर घामाने थबथबलेल्या, केस चिकटलेल्या, लालबुंद पोरीचं डोकं उगवून शिव्या देत होतं. त्या लहानग्याने जी किंकाळी फोडली ती पितळी वाद्यांना लाजवणारी. मग दुसरं पोर, मग विसावं. खांद्यावरची मुलगी तर असा टाहो फोडून बापाच्या केसांना लोंबकळली, की तो माणूस आंधळ्यासारखा उलटा पळत सुटला. आया पोरांना उचलून धावल्या. बाप आयांच्या मागे धावले. ज्यांना पोरं नव्हती तेही धावले, कारण सगळे धावत होते. बघता बघता झाड मोकळं झालं.

अस्वलीण झाडाखाली गेली, घशातून काहीतरी म्हणाली. पिल्लू उतरलं. जाताना तिने टॅमसिनकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत कृतज्ञता वगैरे काही नव्हतं. हे आणखी एक वेडं जनावर, एवढंच होतं. मायलेकरं झुडपांत गेली. बर्नीने बसायचं नसतं हे विसरून टॅमसिन खाली बसली. बर्नी मागून टर्रकन उसवला.

तक्रारींचा पाऊस संध्याकाळपासूनच सुरू झाला. एकीतही खऱ्या अस्वलाचं नाव नव्हतं. आमच्या मुलाचं बालपण संपलं, असं एका आईने लिहिलं होतं. उद्यानाने बर्नीच्या मृत्यूबद्दल आधी सूचना द्यायला हवी होती, असं दुसरीचं म्हणणं होतं. त्या धिप्पाड माणसाने तर शिवराळ कर्मचाऱ्यामुळे आपल्या मुलीचा फोटो हुकला याची भरपाई मागितली होती.

"टॅम, मी रागावले नाहीये," दुसऱ्या दिवशी ग्लेनिस म्हणाली. गालांवरचं मेपलचं पान अजून पुरतं निघालेलं नव्हतं. "मी दुःखी आहे. तू डोकं काढलंस."

"ती हल्ला करणार होती, ग्लेनिस. तुम्ही पाहिलंत ना?"

"अस्वलाचा विषय वन्यजीव खात्याकडे आहे. आपल्याकडे बर्नीचा विषय आहे. लोकांचा बर्नीवरचा विश्वास उडालाय."

"मग आता मी काय करू?"

"बर्नी माफी मागेल," ग्लेनिस म्हणाली. "चित्रफितीत. दोन्ही भाषांत."

टॅमसिनला वाटलं, सरळ बॅग भरावी आणि घरी जावं. पण गावातल्या बायकांना काय सांगणार? अस्वलाला नमस्कार सांगायला गेले होते आणि अस्वलाच्या वतीने माफी मागून आले? एतिएन म्हणाला, "कर गं. बोलायचं तर मलाच आहे. तू नुसती उभी राहा."

शिवून घेतलेला बर्नी तळ्याकाठी उभा राहिला, मान खाली घालून. शेजारी एतिएन, टोपी हातात. कॅमेऱ्यामागे ग्लेनिस. इंग्रजी मजकूर तिने स्वतः लिहिला होता आणि तो एतिएनने अक्षर न चुकता म्हटला. बर्नीला फार वाईट वाटतंय. बर्नी त्या दिवशी गडबडला. पण मित्रांनो, बर्नीचं डोकं आता पुन्हा छान जागेवर आहे.

"सुंदर!" ग्लेनिस म्हणाली. "आता फ्रेंच. तूच भाषांतर कर, नैसर्गिक वाटेल."

ग्लेनिसला फ्रेंच येत होतं, म्हणजे कागदावर येत होतं. काठावर का होईना, ती परीक्षा पास झाली होती आणि 'बोंझूर' फार गोड म्हणायची. एतिएनने घसा साफ केला, चेहरा आणखी दुःखी केला आणि आपल्या शिकुटिमीच्या भरधाव फ्रेंचमध्ये सुरुवात केली.

"नमस्कार मंडळी. बर्नारला तुमची माफी मागायला सांगितलंय. पण बर्नार पडला अस्वल, त्याला खोटं बोलायचं शिक्षण नाही. त्या दिवशी त्याचं डोकं निघालं हे खरं. तुमची तर घरीच राहिली होती."

टॅमसिनला शाळेतलं फ्रेंच येत होतं. मुंडक्याच्या आत तिने कान टवकारले.

"आई आणि तिच्या पिल्लाच्या मधे उभं राहून जो स्वतःचा फोटो काढतो," एतिएन हळुवारपणे सांगत होता, "त्याला आम्हा अस्वलांच्या भाषेत एक शब्द आहे. दुपारचं जेवण. बर्नारला मुलांची फार काळजी वाटते. कारण ती ज्यांच्या हवाली आहेत, त्यांना त्याने जवळून पाहिलंय."

बर्नीचे खांदे हलायला लागले. टॅमसिनने ओठ चावले, जीभ चावली, पण हसू कापसाच्या पोटातून उसळून येत होतं. पोट गदगदलं, मुंडकं थरथरलं. शेवटी तिने दोन्ही पंज्यांनी तोंड झाकून घेतलं. एतिएनने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज अगदी कातर करून म्हणाला, "पुढच्या वेळी बर्नार डोकं काढणार नाही. तो मीठ-मिरी घेऊन बाजूला बसेल."

"अरे देवा, रडतोय तो," ग्लेनिस पुटपुटली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदम खरं वाटतंय."

इंग्रजी फीत कोणी फारशी पाहिली नाही. फ्रेंच फीत चार दिवसांत साऱ्या क्वेबेकभर पसरली. रेडिओवर वाजली, कॉफीच्या कपांवर छापून आली. पाचव्या दिवशी ओटावाच्या मुख्य कार्यालयातून ग्लेनिसला फोन आला. ती पांढरीफटक पडून खोलीत गेली आणि गुलाबी होऊन बाहेर आली. फ्रेंच जनतेच्या काळजाला हात घालणारी खात्याची ही पहिलीच मोहीम, असं साहेब म्हणाले होते. सुरक्षेचा संदेश इतक्या धाडसाने कोणी दिला नव्हता. 'हो, तो सूर आम्ही मुद्दामच ठेवला,' असं ग्लेनिसने त्यांना सांगितलं होतं.

मग तिने दार लावून दोघांना आत बोलावलं.

"एतिएन," ती पेन्सिलीशी खेळत म्हणाली, "तू नक्की काय म्हणालास रे? म्हणजे मला कळलं होतंच. पण टॅमला कळायला हवं ना. तिच्यासाठी जरा इंग्रजीत सांग."

एतिएनने सांगितलं, मीठ-मिरीसकट. ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं. पेन्सिल खाली ठेवली.

"हं," ती म्हणाली. "मलाही साधारण असंच वाटलं होतं."

त्याच आठवड्यात लॉर्नाने एकशे चौदा नंबरसाठी पिंजरा लावला. भरवस्तीत आली, गर्दीला भ्यायली नाही, म्हणजे माणसाळली, असा निकाल वरून आला होता. मायलेकरांना भुलीचं इंजेक्शन देऊन उत्तरेकडे, कुठल्याही रस्त्यापासून दूरच्या दरीत नेऊन सोडलं. टॅमसिनने पिंजऱ्याची गाडी फाटकातून बाहेर जाताना पाहिली. आत काही दिसत नव्हतं. नुसता वास आला, ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा, बर्नीच्या वासाहून कितीतरी स्वच्छ.

"अस्वल माणसाळलं की काय करायचं ते नियमात लिहिलंय," लॉर्ना परत आल्यावर म्हणाली. "माणसं अशी अस्वलाळली तर त्यांना कुठल्या दरीत सोडायचं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही."

टॅमसिन तशीच ग्लेनिसच्या खोलीत गेली. "मी पुन्हा ते डोकं घालणार नाही," ती म्हणाली. "हवं तर संडास धुते."

"पण टॅम, आता कुठे बर्नीला नाव मिळालंय! आणि एतिएनला आत घालावं तर विजार त्याच्या गुडघ्यावर येते."

"मग त्याला झोपवा. अस्वलंच आहेत, झोपतात."

"जुलैत?"

शेवटी ग्लेनिसने फलक लावला: बर्नी यंदा लवकर विश्रांतीला गेला आहे, कृपया शांतता राखा. आणि फलकासमोर उभं राहून लोक कुजबुजत्या आवाजात फोटो काढायला लागले.

टॅमसिनला लॉर्नाने आपल्या खात्यात मागून घेतलं. वरून आणखी एक हुकूम सुटला होता: रस्त्याकडेचं क्लोव्हर कापा. दोन उन्हाळे जे सुंदर होतं ते आता धोकादायक ठरलं होतं. पोटाला पट्टा बांधून, गवत कापायचं यंत्र घेऊन टॅमसिन ऑगस्टभर रस्त्याच्या कडेने फिरली. घाम इथेही होता, पण तो तिचा एकटीचा होता. संध्याकाळी एतिएन तिच्या कपड्यांवरचा हिरवा चोथा बघून म्हणायचा, "आता तूच चरून आल्यासारखी दिसतेस."

महिना संपत आला होता तेव्हा एका दुपारी लॉर्ना गाडी थांबवून तिच्याजवळ आली. "अजून त्या वळणापलीकडचं राहिलंय ना?"

"उद्या करते. आज पट्टा फार काचतोय."

"आज केलंस तर बरं." लॉर्नाने डोंगराकडे पाहिलं. "पिवळ्या बिल्ल्याची एक अस्वलीण, पिल्लासकट, दोन दऱ्या अलीकडे दिसलीय कोणाला तरी. इकडे तोंड करून चालतेय."

टॅमसिनच्या छातीत आनंदाची एक लाट उठली आणि तिथेच थिजली. "आणि परत आली तर?"

"दुसऱ्यांदा दरीत सोडत नाहीत," लॉर्ना म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

टॅमसिनने यंत्र उचललं. वळणापलीकडे क्लोव्हर गुडघाभर माजलं होतं, जांभळ्या-पांढऱ्या बोंडांनी भरलेलं, मधमाश्यांनी गुणगुणणारं. ती एका टोकाने सुरुवात करून पुढे पुढे जात राहिली. मुळापर्यंत कापायचं, गोड असं काही शिल्लक ठेवायचं नाही. परवा तिची बस होती. अस्वलीण आली की नाही, हे तिला आता कळणार नव्हतं.

निम्मं झालं होतं तेव्हा मागे एक गाडी थांबली. टॅमसिनने यंत्र बंद केलं. काच खाली करून एक बाई कळवळून म्हणाली, "अहो, किती सुंदर फुलं ही! राष्ट्रीय उद्यानात फुलं कापता? काही वाटत नाही का तुम्हाला?"

"वाटतं," टॅमसिन म्हणाली, आणि तिने यंत्राची दोरी ओढली.